नावाची पट्टी

माझ्या नावाची पट्टी छापून आली नव्हती,
म्हणून पहिल्या दिवशी एचआरच्या कदमसरांनी
ड्रॉवर उचकून एक जुनी काढली,
बाहीवर पुसली, पुढे केली: रेश्मा.
"चार दिवस चालवून घ्या."
ते चार दिवस
श्रावणापासून संक्रांतीपर्यंत चालले.

रेश्मा मी कधी पाहिली नाही.
हाउसकीपिंगच्या इंदुमती म्हात्रे सांगतात,
हसायची तेव्हा डावीकडचा सुळा दिसायचा.
पुण्याला गेली म्हणे, की लग्न झालं, की दोन्ही.
माझ्याकडे तिची वाकलेली पिन राहिली
आणि शर्टाला दोन भोकं.

हॉटेल तुर्भ्यात, ठाणे-बेलापूर रस्त्याकडे तोंड करून.
मागे खाणीने अर्धा खाल्लेला डोंगर,
तो आम्ही विकतो 'हिल व्ह्यू' म्हणून,
रात्रीचे चारशे जादा.

एकदा पावणेतीनला विमानतळावरून आलेले गृहस्थ,
गिझर तापत नाही म्हणून खाली उतरले.
काउंटरवर कार्ड आपटून म्हणाले,
"रेश्मा, तुझी लायकी काय?"
मी म्हटलं, "सॉरी सर, लगेच बघते."
वाक्य खिशाच्या वर दोन बोटं
प्लास्टिकवर आदळलं आणि खाली पडलं.
मला लागलं नाही.
म्हणजे लागलं, पण शेजारच्यांचं कुरिअर
चुकून आपल्या दारात यावं तसं.

गरम पाण्याच्या दोन बादल्या
किचनमधून सर्व्हिस लिफ्टने वर नेल्या इंदुमतींनी.
त्यांची ड्यूटी एकला संपलेली,
बस चुकली म्हणून लिनन रूममध्ये
चादरींच्या गठ्ठ्यावर आडव्या झाल्या होत्या.
हे कुठल्या रजिस्टरमध्ये नाही.
सकाळी त्यांच्या पिशवीत शॅम्पूच्या चार बाटल्या गेल्या.
मी स्टॉकच्या वहीत लिहिलं: गळक्या निघाल्या, चार.
तेवढं मात्र आहे.

पुढे दिवाळीच्या आसपास
एका बाईंचं इन्सुलिन मी किचनच्या फ्रिजमध्ये
दह्याच्या डब्यामागे लपवून ठेवलं,
तीन दिवस, जेवणाआधी, स्वतः वर नेऊन दिलं.
जाताना त्यांनी कार्डावर लिहिलं:
रेश्मा म्हणजे सोनं.
कार्ड नोटीस बोर्डावर लागलं.
महिन्याची उत्तम कर्मचारी: रेश्मा.
पाचशेचं कूपन हेड ऑफिसला परत गेलं,
त्या नावाचं सिस्टीममध्ये कोणी नव्हतं.
हे कुरिअर माझंच होतं.

मग सगळ्यांना एक फॉर्म आला.
कामावर किती समाधानी आहात, एक ते पाच.
मी विचारलं, "सर, कुणाच्या नावाने भरू?"
कदमसर मोकळेपणाने हसले.
त्यांना विनोद आवडतो.
इंदुमतींचा चष्मा घरी होता, त्यांचा मीच भरला.
"पाच लिही," म्हणाल्या,
"आणि खाली लिही,
रात्रपाळीला दोननंतर चहात दूध नसतं."
माझ्या कागदावर मी तीनला गोल केला,
खोडला, पुन्हा तीनलाच केला.

संक्रांतीला पट्टी आली. सुलक्षणा.
स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, पण माझीच.
दुपारी एकाने वाकून, नीट वाचून विचारलं,
"सुलक्षणा, एक चादर जास्त मिळेल?"
साधी चादर. आवाजही बरा होता.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या,
मी हात उगाच
खिशाच्या वर दोन बोटं नेला.

मागच्या सोमवारी कस्तुरी भोईर आली, शहापूरची.
नवे बूट, केसांना इतकं तेल
की दिवे त्यात दिसत होते.
तिची पट्टी अजून यायची आहे.
मी ड्रॉवर उघडला.
पिन जरा सरळ केली, बाहीवर पुसली.
"चार दिवस," म्हटलं. "सांभाळ, टोचते."
तिने वाचलं. "ताई, ही रेश्मा कोण?"
"हसायची तेव्हा," मी म्हटलं,
"डावीकडचा सुळा दिसायचा."

फोन वाजला. तीनशे सात.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, घे.